स्त्रीवादी अध्यापन आणि चळवळ : भिलाई-दल्ली राजहराच्या संदर्भात

मराठीत स्त्रीवादी अध्यापनाची चर्चा बहुधा विद्यापीठाच्या वर्गात सुरू होते आणि तेथेच थांबते. अभ्यासक्रमात कोणाचे लेखन असावे, शिक्षकाच्या अधिकाराचे काय करावे, विद्यार्थिनीच्या अनुभवाला ज्ञानाचा दर्जा कसा द्यावा, हे त्या चर्चेतील प्रश्न आहेत. शर्मिला रेगे (मृत्यू २०१३) यांनी पुणे विद्यापीठात अध्यापन करताना हे प्रश्न चिकाटीने लावून धरले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी लेखात त्यांनी जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकाचा धागा पकडून फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनाची मांडणी केली. या मांडणीचे मोल वादातीत आहे. मात्र चळवळीत घडलेले ज्ञान वर्गात आणणे ही तिची मुख्य दिशा आहे. चळवळ हाच वर्ग असतो तेव्हा शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हा प्रश्न त्यातून शिल्लक राहतो. तो विचारण्यासाठी नागपूर-गोंदियाच्या पूर्वेला, त्याच लोहमार्गावर असलेल्या भिलाईकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज सुमारे नव्वद किलोमीटरवरील दल्ली राजहराच्या खाणींतून येई. कारखान्याच्या कायम कामगाराला वसाहत, शाळा, दवाखाना मिळाला. हाताने खनिज फोडणारा आणि ट्रकमध्ये भरणारा कंत्राटी मजूर या नियोजित आधुनिकतेच्या कुंपणाबाहेर राहिला. या मजुरांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांना तिकडे 'रेजा' म्हणतात. विदर्भातील बांधकामावरही हा शब्द ऐकू येतो. १९७७ साली 'छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ' स्थापन झाला आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली पहिला मोठा लढा उभा राहिला. पावसाळ्यापूर्वी झोपडीच्या डागडुजीसाठी भत्ता मिळावा, ही त्यातील एक मागणी होती. २ आणि ३ जून १९७७ रोजी झालेल्या गोळीबारांत अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनुसूयाबाई ही मजूर स्त्री होती.

झोपडीच्या छपराची ही मागणी मला फार अर्थपूर्ण वाटते. कामगार संघटनांच्या रूढ परिभाषेत मजुरी खाणीत मोजली जाते; घर ही मजुराची खासगी बाब ठरते. येथे घर करारपत्रात आले. गळक्या छपराखाली चूल पेटवणे कोणाच्या वाट्याला येते, हे लक्षात घेतले की मागणीमागील ज्ञान कोठून आले असेल, याचा अंदाज करता येतो. या मागणीला कोणी स्त्रीवादी म्हटले नव्हते आणि आजही ते नाव तिला चिकटवण्याची घाई करू नये. तरीही ज्याला आपण 'अनुभवाचे ज्ञानात रूपांतर' असे काहीसे जड नाव देतो, ती प्रक्रिया येथे पाठ्यपुस्तकाविना घडली असे म्हणता येईल.

हीच प्रक्रिया रुग्णालयाच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई योग्य उपचारांअभावी बाळंतपणात दगावल्या. या मृत्यूच्या स्मृतीतून स्वतःचे रुग्णालय असावे, हा विचार मजुरांत रुजला. मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून उभे राहिलेले 'शहीद रुग्णालय' गोळीबाराच्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. डॉक्टर बाहेरून आले. परिचारिका आणि आरोग्यसेवक मात्र प्रामुख्याने मजूर कुटुंबांतून तयार करण्यात आले. खाणीतल्या बाईची मुलगी परिचारिका होऊन त्याच वस्तीतल्या बायकांना बाळंतपणाविषयी सांगू लागते, तेव्हा शिकणारी आणि शिकवणारी यांतील अंतर कमी होते. पाउलो फ्रेरे यांनी पुस्तकातून मांडलेली संवादी शिक्षणाची कल्पना आपण सहसा उद्धृत करतो. येथे संवाद ही गरज होती, कारण बाईला पटले नाही तर ती दुसऱ्या दिवशी येणार नव्हती.

परंतु चळवळीला आदर्श शाळा ठरवणेही चूक होईल. खाणींच्या यांत्रिकीकरणाचा प्रश्न आला तेव्हा संघटनेने अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय पुढे केला. यंत्र आले की आधी स्त्रियांचे काम जाते, हे त्या वादात कळीचे होते. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी दल्ली राजहरा येथे आलेल्या इलिना सेन यांनी स्त्री-श्रमाचा हा प्रश्न सातत्याने मांडला. त्यांनी संपादित केलेल्या इंग्रजी संग्रहाच्या (१९९०) शीर्षकाचा आशय 'लढ्याच्या आतली जागा' असा आहे. त्यातील 'आतली' हा शब्द महत्त्वाचा आहे. दारूबंदीच्या आंदोलनात स्त्रिया अग्रभागी असतात. घरातील सत्तेचा विषय निघाला की त्याच स्त्रियांना थांबायला सांगितले जाते, हा अनेक जनचळवळींचा अनुभव आहे. 'महिला मुक्ती मोर्चा' ही संघटना या आतल्या जागेसाठीच होती. म्हणजे चळवळ स्त्रियांना शिकवत होती हे जितके खरे, तितकेच स्त्रियांना चळवळीला शिकवावे लागत होते हेही खरे.

सुधा भारद्वाज यांचा प्रवास याच सूत्राची दुसरी बाजू दाखवतो. आयआयटी कानपूरमध्ये गणित शिकलेल्या भारद्वाज १९८६ च्या सुमारास दल्ली राजहराला आल्या आणि मजुरांच्या मुलांना शिकवू लागल्या. १९९१ साली नियोगींची भिलाईत हत्या झाली; पुढच्याच वर्षी १ जुलैला भिलाईत कामगारांवर गोळीबार झाला. न्यायालयीन लढाया वाढत गेल्या आणि वकील परवडेना, तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. शिक्षिकेने काय शिकावे हे येथे विद्यार्थ्यांच्या पालकांनी ठरवले. अध्यापनशास्त्राच्या ग्रंथांत असे उदाहरण मला क्वचितच आढळले आहे. २०१८ साली भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या जामिनावर सुटल्या. येरवडा तुरुंगातील काळावरचे त्यांचे पुस्तक २०२३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. कोठडीच्या गजांतून दिसलेल्या बायकांची छोटी शब्दचित्रे, असे त्याचे स्वरूप आहे. लेखिका या बायकांची प्रतिनिधी होऊ पाहत नाही. ती पाहते, ऐकते आणि अर्ज लिहून देते. वस्तीत अंगवळणी पडलेली ही शिस्त तुरुंगातही टिकलेली दिसते.

येथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. भिलाई-दल्ली राजहराविषयी मराठी अभ्यासकाच्या हाती सहजपणे पडते ते लेखन बहुतांशी बाहेरून आलेल्या, उच्चशिक्षित कार्यकर्त्यांचे आहे आणि इंग्रजीत आहे. रेजा छत्तीसगढीत बोलते. तिचे बोलणे सभेत हिंदीत येते, ग्रंथात इंग्रजीत जाते, आणि मग आपण ते मराठीत आणतो. दर पायरीवर काही गळते. याउलट, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला, म्हणूनच त्या शाळेत काय शिकवले जात होते याचा पुरावा विद्यार्थिनीच्याच शब्दांत आपल्यापाशी आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील वृद्ध स्त्रियांकडे जाऊन त्यांच्या मुलाखती घेतल्या. तेथे संशोधन आणि ऐकणे वेगळे राहिले नाही. अध्यापन स्त्रीवादी होते की नाही, हे शिक्षिकेच्या भूमिकेवरून ठरवण्यापेक्षा शिकलेल्या बाईने पुढे काय लिहिले, काय बोलली, यावरून ठरवावे, असे मला वाटते.

इलिना सेन (मृत्यू २०२०) पुढे वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात स्त्री-अध्ययन शिकवत होत्या. खाणीतून वर्गात आलेला हा प्रवास महाराष्ट्राच्या भूमीवरच घडला. मराठी समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली दिसत नाही. आपल्या स्त्री-अभ्यासाच्या पाठ्यक्रमात छत्तीसगढच्या या लढ्याला जागा द्यायची, तर ती 'कामगार चळवळ' या घटकाखाली न देता 'अध्यापनपद्धती' या घटकाखाली द्यावी. शहीद रुग्णालयात तयार झालेल्या, आता वयस्क झालेल्या परिचारिकांच्या मुलाखती छत्तीसगढीतच नोंदवून घेणे, हे त्यासाठीचे पहिले काम आहे. गोंदिया-राजनांदगावच्या सीमाभागातील ज्या विद्यार्थिनींच्या घरात मराठी आणि छत्तीसगढी या दोन्ही भाषा बोलल्या जातात, त्या हे काम आपल्यापेक्षा चांगले करतील.