ई-मेलमधील कार्यशोध आणि विध्यर्थाचा प्रश्न

ई-मेलद्वारे चालणाऱ्या संभाषणातून करावयाची कामे वेचून त्यांची यादी सिद्ध करणे, हे आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकांचे नित्याचे कार्य होऊन बसले आहे. वीस-बावीस पत्रांची लांबलेली मालिका साहाय्यकापुढे ठेवावी, ‘यात माझ्याकडे कोणते काम आले आहे?’ असे विचारावे आणि क्षणार्धात उत्तर मिळवावे, ही सोय कोणासही मोहविणारी आहे. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारणही नाही. परंतु या व्यवहाराचे वर्णन करताना ‘शोधणे’, ‘वेचणे’, ‘काढणे’ अशी जी क्रियापदे सर्रास योजिली जातात, त्यांत एक गृहीतकृत्य दडलेले आहे. काम हे पत्रात आधीच तयार होऊन पडलेले असते, यंत्राने ते केवळ उचलावयाचे, असे ते गृहीतकृत्य होय. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते कितपत टिकते, हे तपासणे अवश्य आहे.

या विषयाचे मूळ तत्त्वज्ञानात आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने, तसेच जॉन सर्ल यांचा १९६९ चा ग्रंथ यांमुळे ‘बोलणे हीच कृती’ हा विचार रूढ झाला. विनंती करणे, वचन देणे, नकार देणे या वाक्कृती होत. टेरी विनोग्राड व फर्नांडो फ्लोरेस यांनी हाच विचार संगणकावरील पत्रव्यवहाराला लावला. त्यांच्या ‘कोऑर्डिनेटर’ या प्रणालीत पत्र लिहिणाऱ्यानेच आपले पत्र विनंती आहे की वचन, हे आरंभी घोषित करावयाचे असे. ल्यूसी सचमन यांनी १९९४ मध्ये या रचनेवर जी टीका केली, ती आजही वाचण्याजोगी आहे. अशी वर्गवारी वरवर तटस्थ दिसली तरी प्रत्यक्षात ती माणसांवर शिस्त लादण्याचे साधन ठरते, असा तिचा आशय होता. विनोग्राड यांनी त्याच वर्षी तिला उत्तरही दिले.

पुढील टप्प्यावर घोषणेचा भार लेखकाकडून काढून यंत्राकडे देण्यात आला. २००४ मध्ये विल्यम कोहेन, व्हिटोर कार्व्हाल्यो व टॉम मिचेल यांनी ई-मेलचे वाक्कृतींनुसार आपोआप वर्गीकरण करण्याचा प्रयत्न मांडला. याच सुमारास संशोधकांच्या हाती एन्रॉन कंपनीचा पत्रसंग्रह आला. कंपनीच्या चौकशीच्या ओघात अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये तो खुला केला. सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांची पाच लाखांच्या आसपास पत्रे त्यात आहेत. महाराष्ट्राला हे नाव दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे परिचित आहे. कार्यालयीन पत्रांतील विनंती व वचन ओळखण्याचे शास्त्र बव्हंशी या एकाच बुडालेल्या कंपनीच्या पत्रांवर पोसले गेले, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्याजोगी आहे.

अँड्र्यू लॅम्पर्ट, रॉबर्ट डेल व सेसिल पॅरिस यांचे काम या परंपरेत विशेष प्रामाणिक वाटते. ‘काही शंका असल्यास कळवा’ हे वाक्य रूपाने विनंती असले तरी व्यवहारात केवळ शिष्टाचार असते. सभेची सूचना ही उपस्थितीची विनंती आहे की निव्वळ माहिती, हे सांगता येत नाही. अशा अडचणी त्यांनी २००८ मध्ये उघडपणे मांडल्या. २०१० मध्ये त्यांनी असे दाखविले, की पत्रातील स्वाक्षरी, उद्धृत केलेली जुनी पत्रे इत्यादी भाग वेगळे काढून केवळ लेखकाचा स्वतःचा मजकूर तपासला, तर विनंती ओळखण्याची अचूकता शेकडा ७२ वरून ८३ च्या पुढे जाते. निष्कर्ष साधा दिसतो, पण त्याचा अर्थ खोल आहे. वाक्य कोणाचे, हे ठरल्यावाचून त्याचा विध्यर्थ ठरत नाही.

आजच्या विशाल भाषाप्रतिमानांनी बरेच अंतर कापले आहे, हे मान्य केले पाहिजे. ती एकेक वाक्य सुटे करून न पाहता संपूर्ण मालिका एकत्र वाचतात. ‘ते झाले’ यातील ‘ते’ म्हणजे काय, हे बहुधा बरोबर ताडतात. मंगळवारी सांगितलेले काम गुरुवारच्या पत्राने रद्द झाल्याचेही ध्यानात घेतात. मात्र जेथे भाषेनेच निर्णय मोकळा ठेवला आहे, तेथे यंत्र काय करते, हा प्रश्न उरतोच. आणि मराठीत अशी स्थळे विपुल आहेत.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. विभागप्रमुख आपल्या दोन सहकाऱ्यांना लिहितात, ‘शुक्रवारपूर्वी आपल्याला अहवाल विद्यापीठाकडे पाठवायचा आहे.’ कनिष्ठ अध्यापिका उत्तर देते, ‘बघते, सर.’ दुसरे अध्यापक लिहितात, ‘मागील वर्षीचा मसुदा माझ्याकडे आहे. हवा असल्यास देतो.’ या तीन पत्रांत काम किती, आणि ते कोणाचे?

‘आपल्याला’ हे रूप आदरार्थी द्वितीय पुरुषाचे आहे आणि बोलणाऱ्यासह ऐकणाऱ्याचा समावेश करणाऱ्या प्रथम पुरुषाचेही आहे. ‘आपण अहवाल पाठवावा’ आणि ‘आपण अहवाल पाठवू’ यांत क्रियापद भेद स्पष्ट करते. ‘आपल्याला पाठवायचा आहे’ या रचनेत क्रियापद अहवालाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, कर्त्याच्या पुरुषाविषयी ते मौन पाळते. ते सर्वनामही गाळून ‘अहवाल पाठवायचा आहे’ एवढेच लिहिले, तर बोजा कोणाच्या शिरावर, याचा पत्ताच लागत नाही. कित्येकदा तो लागू नये हाच लिहिणाऱ्याचा हेतू असतो. ‘करण्यात यावे’ या कार्यालयीन रचनेचे लोकप्रियत्व यातच आहे.

‘बघते’ या उत्तराची गोष्ट आणखी नाजूक आहे. ‘करते’ यात तत्परता आहे. ‘करीन’ हे रूपाने निश्चित भविष्य असूनही बोलीत किंचित दूरचे वाटते. ‘करून टाकते’ यात काम एकदाचे संपविण्याचा आविर्भाव आहे. ‘बघते’ यात मात्र वचन, चालढकल आणि वडीलधाऱ्यांना नाही म्हणण्याची सभ्य रीत या तिन्हींना जागा आहे. कोणता अर्थ घ्यावा, हे त्या दोघांच्या आजवरच्या संबंधांवरून ठरते, आणि ते संबंध ई-मेलमध्ये लिहिलेले नसतात. ‘हवा असल्यास देतो’ हेही काम नव्हे. समोरून होकार येईपर्यंत तो केवळ देकार आहे.

साहाय्यकाची यादी मात्र बहुधा अशी उतरते: ‘अहवाल पाठवणे; मुदत शुक्रवार; जबाबदारी कनिष्ठ अध्यापिकेची.’ येथे क्रियापदाचे धातुसाधित नाम झाले, आणि त्यासरशी क्रियापदाचा ‘अर्थ’, म्हणजे आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ यांतील भेद, पुसला गेला. पाणिनीने लिङ् लकाराचे विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न व प्रार्थना असे सहा अर्थ वेगळे नोंदविले, आणि लोट् लकारही त्याच अर्थांनी येतो असे सांगितले. वृत्तिकारांच्या स्पष्टीकरणानुसार निमंत्रण टाळता येत नाही, आमंत्रण स्वीकारणे ऐच्छिक असते, आणि अधीष्टात सत्कारपूर्वक काम सोपविले जाते. एकाच क्रियारूपाच्या पोटात समाजातील मानमर्यादेचे केवढे भान सामावू शकते, याची ही नोंद आहे. यंत्राच्या यादीत सहांचे एकच होते, आणि जे उरते ते विधीच्या सर्वांत जवळचे असते. ज्येष्ठाची प्रार्थना आज्ञा ठरते, कनिष्ठाचा संकोच वचन ठरतो.

मूल्यमापनाच्या रूढ पद्धतीत ही हानी दिसत नाही. अचूकता मोजताना सुटलेले काम आणि चुकीने लावलेले काम या दोन्ही चुका सारख्याच धरल्या जातात. व्यवहारात त्या सारख्या नाहीत. सुटलेले काम म्हणजे एक विसरलेले पत्र. त्याची आठवण दुसरे पत्र देते. चुकीने लावलेले काम म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी घातलेले वचन होय. शनिवारी अहवाल गेला नसेल, तर विभागप्रमुखांसमोर ‘बघते, सर’ हे पत्र नसते. यादी असते, आणि तीत त्या अध्यापिकेचे नाव असते. सचमन यांनी जी शंका घेतली होती, तिचे हे अधिक सूक्ष्म रूप म्हणावे लागेल. ‘कोऑर्डिनेटर’मध्ये निदान वचन देणारा ते स्वतः घोषित करीत असे.

वाक्य कोणाचे, हा प्रश्न एका निराळ्याच दिशेनेही पुढे आला आहे. पत्र वाचणारा साहाय्यक हा त्या पत्राचा संबोधित नव्हे. कोणी कोणास केलेली आज्ञा तो केवळ ऐकत असतो. परंतु पत्रातच साहाय्यकाला उद्देशून आज्ञा पेरली, तर माहिती आणि आज्ञा यांतील सीमा त्याला राखता येईलच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट’मधील ‘एकोलीक’ या नावाने २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला दोष याच जातीचा होता. बाहेरून आलेल्या साध्या ई-मेलमधील मजकुराच्या द्वारे संस्थेची आतली माहिती बाहेर नेता येऊ शकत होती. तो दोष नंतर दूर करण्यात आला. परंतु संबोधित कोण, हे रूपावरून ओळखण्याची अडचण त्यामुळे सुटली असे नव्हे.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. यादीतील प्रत्येक नोंदीशेजारी मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवावे. वाक्यात कर्ता नसेल तर यादीतही त्याची जागा रिकामी सोडावी. ‘बघते’सारख्या उत्तरापुढे साहाय्यकाने नाव न लिहिता, ‘हे काम आपण स्वीकारले आहे काय?’ असे त्या व्यक्तीलाच विचारावे. यांपैकी काहीही आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे नाही. हे मुद्दाम सांगावे लागते, याचे कारण रिकामी जागा असलेली यादी वापरणाऱ्याला अपुरी वाटते आणि भरलेली यादी चतुर वाटते.

मराठीपुरती एक अडचण शिल्लक राहते. खाजगी पत्रव्यवहाराचा एन्रॉनसारखा संग्रह मराठीत उपलब्ध होण्याचा संभव थोडा, आणि तो तशा मार्गाने व्हावा अशी इच्छाही कोणी करणार नाही. मुबलक व खुले असे जे कार्यालयीन मराठी गद्य आहे, त्यात महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयांचा मोठा वाटा आहे. त्यांत ‘करण्यात यावे’, ‘सादर करावा’, ‘दक्षता घ्यावी’ ही रूपे पानोपानी सापडतात. ‘बघते’, ‘देतो की’, ‘जमलं तर कळवा’ ही रूपे सापडत नाहीत. सहकाऱ्यांनी स्वेच्छेने, नावे गाळून दिलेल्या दोन-तीनशे पत्रमालिका जमवून, प्रत्येक विनंतीचा व वचनाचा अर्थ खुद्द पत्र लिहिणाऱ्याकडूनच नोंदवून घेणे, एवढे काम एखाद्या विभागाला एका शैक्षणिक वर्षात करता येण्याजोगे आहे.