क्लबाचें कर्ज आणि प्रेक्षकाचा रस

नाटक पाहणाऱ्याला जो आनंद होतो त्याची मीमांसा आपल्याकडे भरतमुनींपासून चालत आली आहे. खेळ पाहणाऱ्याच्या आनंदाची मीमांसा मात्र कोणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाहीं. मैदानाभोंवतीं ओरडणारा समुदाय म्हणजे रसिक नव्हे, ती नुसती गर्दी, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ आहे. तो समज मला मान्य नाहीं. पण त्याच्या बाजूनें एक भक्कम आधार देतां येतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

तो आधार अभिनवगुप्ताचा. रसास्वादाच्या आड येणारीं जीं सात विघ्नें त्यानें सांगितलीं आहेत, त्यांत स्वतःच्या सुखदुःखांत गुरफटून जाणें हें एक आहे. मुलगी आजारी असलेल्या बापाला शाकुंतलाचा चौथा अंक दाखविला, तर त्याला करुण रस लाभणार नाहीं; त्याला फक्त आपली मुलगी आठवेल. आतां फुटबॉलच्या सामन्याला जाणाऱ्या निष्ठावंताकडे पाहा. तो सर्वस्वीं या विघ्नानें ग्रासलेला असतो. आपला संघ हरला कीं तोच हरतो. सोमवारीं कचेरींत मान खालीं घालून तोच बसतो. तेव्हां अभिनवगुप्ताच्या न्यायालयांत आम्ही सारे अरसिक ठरतों. इ. स. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनांत न. चिं. केळकरांनीं सविकल्प समाधीचा जो विचार मांडला, तो आमच्याविषयीं थोडा अधिक उदार आहे. आपण आपणच राहून क्षणभर दुसरें होणें, ही ती अवस्था. पण तीहि येथें पुरी बसत नाहीं. प्रेक्षागृहांतून बाहेर पडल्यावर मी पुन्हा मी होतों. क्लबाच्या निष्ठावंताला बाहेर पडण्याचा दरवाजाच नसतो.

यवतमाळ जिल्ह्यांत, तेलंगणाच्या सीमेजवळ, मुकुटबन हें गांव आहे. कपाशीचे भाव हा तेथील मुख्य बोलण्याचा विषय. अशा ठिकाणीं बसून इंग्लंडांतील संघांवर जीव टाकणें हास्यास्पद आहे, असें माझे स्नेही म्हणतात. त्यांना मी एक गंमत सांगतों. शनिवारीं दुपारीं तीन वाजतां होणारे सामने इंग्लंडांत दूरदर्शनवर दाखवीत नाहींत. लोकांनीं मैदानावर यावें म्हणून हा जुना निर्बंध आहे. आमच्याकडे मात्र तेच सामने हिंवाळ्यांत रात्रीं साडेआठला घरबसल्या दिसतात. म्हणजे तेथील गरीब भक्ताला तिकिटावांचून जें दर्शन होत नाहीं, तें मुकुटबनला होतें! यामुळें एक अंतर मिळतें, आणि त्या अंतरावरून कांहीं गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

पहिली गोष्ट ही, कीं स्पर्धा आणि कर्ज हीं जुळीं भावंडें आहेत. लीड्स युनायटेडचें उदाहरण घ्या. यॉर्कशायर आणि लँकेशायर यांचें वैर जुनें. पांढऱ्या आणि तांबड्या गुलाबांच्या लढायांपर्यंत लोक तें नेऊन भिडवितात. मँचेस्टर युनायटेड पुढें जात आहे आणि आपण मागें राहतों आहों, ही सल लीड्सला सहन होईना. २००१ साली हा संघ युरोपच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोंचला, आणि त्याच वर्षीं पुढील पंचवीस वर्षांच्या तिकीटविक्रीवर सहा कोटि पौंडांचें कर्ज काढून बसला. उद्यांचे प्रेक्षक आजच गहाण पडले. २००४ साली संघ वरच्या श्रेणींतून घसरला, २००७ साली तिसऱ्या श्रेणींत गेला. पुन्हा वर यावयास २०२० साल उजाडलें. हें वाचतांना मराठी वाचकाला परकें असें कांहींच वाटूं नये. गंधर्व नाटक मंडळीचे शालू, गालिचे आणि अत्तरें यांच्या कथा ज्यांनीं वडिलांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना त्याच मंडळीच्या कर्जाच्या कथाहि ठाऊक आहेत. ऐश्वर्य दाखविल्यावांचून प्रतिस्पर्ध्यावर मात होत नाहीं, आणि ऐश्वर्य पदरच्या पैशानें सहसा होत नाहीं.

पण साम्य येथेंच थांबतें, आणि माझ्या मतें सारा मुद्दा या थांबण्यांतच आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त ‘मानापमान’ झालें. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन मंडळ्यांचे भक्त एरवीं एकमेकांचें तोंड पाहत नसत. त्या रात्रीं ते एका छताखालीं बसले. तीनच महिन्यांनीं, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. पुढें चित्रपटाच्या लाटेंत गंधर्व मंडळीचेंहि वैभव ओसरलें. परंतु ‘मानापमान’ राहिलें. खाडिलकरांची संहिता दुसऱ्या कोणत्याहि मंडळीला हातीं धरतां आली, आणि आजहि धरतां येते. नट मरतो, मंडळी मोडते, नाटक जगतें.

फुटबॉलांत नाटक आणि मंडळी हीं दोन नाहींतच. तेथें नायक कोण? आज आलेला आणि उद्यां दुसरीकडे विकला जाणारा खेळाडू खास नव्हे. नायक म्हणजे क्लब. त्याचें नांव, त्याचा रंग, त्याचें मैदान आणि समोरचा शत्रु, एवढीच काय ती संहिता. मंडळी मोडली कीं संहिताहि जळते. बरी या गांवच्या क्लबाची स्थापना १८८५ ची. १९०३ साली त्यानें एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत डर्बीवर सहा गोल केले आणि एकहि घेतला नाहीं. त्या विक्रमाची बरोबरी व्हावयास २०१९ साल यावें लागलें. आणि दैवाचा खेळ असा, कीं त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्यें देणीं न फिटल्यामुळें बरीला लीगमधून काढून टाकण्यांत आलें. ही घटना व्यापारी भाषेंत दिवाळें आहे. प्रेक्षकाच्या भाषेंत तिला दुसरें नांव लागेल. अभिनवगुप्ताचें विघ्न येथें विघ्न राहत नाहीं, तें रसाचें मूळच ठरतें. कारण ज्याचें स्वतःचें कांहींच पणाला लागलेलें नाहीं, त्याला या नाटकांत पाहण्यासारखें फारसें उरत नाहीं.

हें विधान पडताळून पाहावयाचें तर परदेशीं जाण्याची जरूरी नाहीं. पुणें पुरे आहे. २००७ साली निघालेला पुणे एफ. सी., एकाच हंगामाचा धनी ठरलेला भारत एफ. सी., २०१७ साली आपल्या मालकाच्या आर्थिक संकटाबरोबर बुडालेला डी. एस. के. शिवाजियन्स, आणि २०१४ पासून २०१९ पर्यंत टिकलेला एफ. सी. पुणे सिटी. साधारण बारा वर्षांत एका शहरानें चार क्लब गमावले! मुंबईचा महिंद्र युनायटेड १९६२ चा, २००५-०६ सालचा राष्ट्रीय लीगचा विजेता; त्याच्या मालकांनीं २०१० साली तो मिटवून टाकला. आतां विचारावेंसें वाटतें, कीं यांपैकीं कोणासाठीं शहर रडलें? थोडे निष्ठावंत हळहळले, त्यांची मी थट्टा करणार नाहीं. पण पुण्याच्या पेठांतून सुतक पाळलें गेल्याचें कोणी सांगत नाहीं. या संघांना पैसा होता, चांगले शिक्षक होते, एकाला तर लिव्हरपूलसारख्या नामांकित क्लबाच्या सहकार्यानें चालणारी शाळाहि होती. नव्हता तो समोरचा शत्रु. रंगमंच बांधला, दिवे लावले, आणि प्रतिनायकाची भूमिका लिहावयाचीच राहिली.

गोव्याची गोष्ट निराळी, आणि म्हणून अधिक दुःखाची. डेंपो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स हे क्लब खाण आणि व्यापार यांच्या घराण्यांनीं पोसले हें खरें; पण त्यांच्याभोंवतीं माणसें जमलीं होतीं, वाद जमले होते, ताव्हेर्नांत रात्री जागल्या होत्या. डेंपोनें पांच वेळां देशाचें अजिंक्यपद मिळविलें. २०१६ साली डेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग हे तिघेहि आय-लीगमधून बाहेर पडले. कारण पैशाचें होतें तसें मानाचेंहि होतें: शहरांच्या नव्या लीगला वरचें आसन मिळणार आणि जुन्या घराण्यांनीं खालच्या पंगतींत बसावें, ही व्यवस्था त्यांना रुचली नाहीं. ‘मानापमान’ हें नांव येथेंहि शोभलें असतें. ज्या नव्या लीगसाठीं हें घडलें, तिचाच हंगाम २०२५ साली करारमदाराच्या घोळांत वेळेवर सुरू होऊं शकला नाहीं. यावर अधिक लिहिण्याची इच्छा होत नाहीं.

कोल्हापूरकडे वळलें म्हणजे मात्र लेखणी आपोआप सैल होते. तेथील संघांचीं नांवेंच पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तांबड्या मातीच्या आखाड्याला फुटबॉलची जोड देण्याची ही करामत दुसऱ्या कोणत्या शहरानें केली असेल असें वाटत नाहीं. तालीम म्हणजे पेठ, पेठ म्हणजे गल्ली, आणि गल्ली म्हणजे घर. त्यामुळें छत्रपति शाहू स्टेडियमवर जो सामना होतो, तो आधीं आठवडाभर चहाच्या टपऱ्यांवर होऊन गेलेला असतो. या मंडळांमागें उद्योगपति नाहींत. वर्गणी, देणगी, एखाद्या पुढाऱ्याची मेहेरबानी, यांवर गाडा चालतो. तरीहि तीं टिकलीं आहेत, आणि ज्यांच्यामागें कोट्यवधींची पेढी होती ते पुण्याचे संघ गेले.

कोल्हापूरच्या या चित्राला सोनेरी चौकट घालावी असें मात्र मला वाटत नाहीं. ईर्ष्येपायीं खेळाडू फोडणें, बाहेरून आणणें, त्यासाठीं ऐपतीबाहेर पैसा ओतणें, हें लीड्सचें दुखणें तेथेंहि पोंचलें आहे. आणि सामना संपल्यावर दगड हातांत घेणारा जो वर्ग आहे, त्यानें वीररसाला बीभत्साच्या दारांत नेऊन उभें केलें आहे. अशांमुळें स्पर्धा बंद ठेवण्याची पाळीहि आलेली आहे. जी ईर्ष्या मंडळाला जगविते तीच त्याला पोखरते. दोन्ही कामें एकाच हाताचीं आहेत, म्हणून उपाय सुचविणें कठीण जातें.

शत्रु बुडाला म्हणजे आपण जिंकलों असें मानणाऱ्यांनीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहर पाहावें. २०१२ साली रेंजर्सची कंपनी दिवाळ्यांत निघाली आणि संघाला चौथ्या श्रेणीपासून आरंभ करावा लागला. सेल्टिकच्या भक्तांनीं आनंद केला. तो मनुष्यस्वभावाला धरूनच होता. पुढें चार वर्षें सेल्टिकच वरच्या श्रेणींत अजिंक्य राहिला. राम आहे, लंका आहे, आणि रावण मात्र खालच्या गांवीं राहावयास गेला आहे, अशा रामायणाला कथेकरी किती दिवस पुरवील? २०१६ साली रेंजर्स परत आले तेव्हां, उघडपणें कोणी कबूल करो वा न करो, शहरानें श्वास सोडला.

याच्या उलट विंबल्डनचें. २००३ साली तो क्लब मालकांनीं उचलून मिल्टन कीन्सला नेला, जसें एखादें दुकान चांगल्या रस्त्यावर हलवावें. भक्तांनीं आदल्याच वर्षीं आपला नवा क्लब काढून नवव्या श्रेणींतून आरंभ केला होता. सार्वजनिक माळावर खेळाडू निवडले होते. हे दोन्ही संघ डिसेंबर २०१२ मध्यें प्रथम समोरासमोर आले. त्या सामन्यांत मिल्टन कीन्सनें दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला. शंभर वर्षांच्या वैराला जी धार असते ती या दहा वर्षांच्या वैराला कशी आली, याचें उत्तर हिशेबाच्या वहींत मिळत नाहीं. नाट्यशास्त्रांत मिळण्याचा संभव अधिक.

गणपतराव बोडसांनीं ‘माझी भूमिका’ लिहून नाटकमंडळीच्या आंतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. पडद्यामागची उधारी, रुसवेफुगवे आणि निष्ठा यांची अशी दप्तरें ज्या कलेला लाभतात ती कला पुढच्या पिढीला समजते. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या जुन्या चिटणीसानें वर्गणीच्या पावत्या, हरलेले सामने आणि शेजारच्या पेठेशीं झालेलीं भांडणें यांसह असा ग्रंथ लिहावयास घ्यावा. टीकाकारांनीं त्याला वाङ्मय म्हणावें कीं नाहीं याचा वाद मग खुशाल घालावा. तोंपर्यंत आम्हांला बरीच्या वार्तेवर भागवावें लागतें. हकालपट्टीच्या दिवशीं, अजून निकाल लागावयाचा असतां, त्या गांवचीं शेंकडों माणसें बादल्या आणि फडकीं घेऊन गिग लेनच्या मैदानावर आलीं आणि खुर्च्या पुसूं लागलीं. संध्याकाळीं क्लब उरला नाहीं. भक्तांनीं तें मैदान २०२२ साली विकत घेतलें, आणि दुसऱ्या वर्षीं नवव्या श्रेणींत बरीच्याच नांवानें तेथें पुन्हा चेंडू पडला.