करड्याचे पाडलेले घर

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे उसळलेला सावकारविरोधी दंगा (हे सुपे भीमथडीतील, पारनेर तालुक्यातील त्याच नावाचे गाव नव्हे) लवकरच पारनेरच्या खेड्यांपर्यंत पोहोचला. रविंदर कुमार यांनी १९६८ मध्ये त्यात ग्रामसमाजाची घडी विसकटल्याची खूण पाहिली. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये त्याचे महत्त्व हेच मिथक ठरविले. या वादात करड्याचा प्रसंग बहुधा नांदीपुरताच उरतो. हे योग्य नव्हे.

डिसेंबर १८७४ मध्ये पारनेरलगतच्या शिरूर तालुक्यातील करडे येथे कालूराम या सावकाराने १५० रुपयांच्या येण्यापोटी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळविला व त्यांचे घर पाडले. गाव खवळले, ते त्यामुळे. यास निष्ठुरपणा म्हणून विषय संपविण्याचा प्रघात आहे. परंतु त्या कृत्यात खरेदीदाराचा हिशेबही दिसतो. घर उभे असेतो जुना मालक ते परत मागणारच, चार भले लोक मध्यस्थीस येणारच. पाडलेल्या घराची तडजोड होत नाही.

विक्री म्हणजे कायमचे तुटणे, हे रयतेला मान्य होते काय? दंग्यांच्या चौकशी आयोगाने नोंदविलेली एक भाडेचिठ्ठी येथे बोलकी आहे. कुणब्याने कर्जापोटी दोन गाड्या व चार बैल सावकारास विकले आणि तेच दरमहा भाड्याने घेतले. कागदावर खरेदी, गोठ्यात बैल पूर्वीचेच! असा व्यवहार तो गहाण समजत असल्यास नवल नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने न्यायालयांस कर्जाच्या मुळाशी जाण्याची मुभा दिली. त्यात पुढे घातलेल्या कलम १० अ ने तर खरेदीखताआड दडलेले गहाण तोंडी पुराव्यानेही उघड करता येऊ लागले. अर्थात हे संरक्षण कागदाच्या खऱ्या स्वरूपापुरते होते. न्यायालयाच्या लिलावात बोली लावून, पूर्ण रक्कम मोजून घर घेणाऱ्याचे काय, हा करड्याचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. आणि अभ्यासकांनी खरेदीदारास सावकाराहून वेगळे काढून पाहिले नाही, कारण तेथे तो बहुधा सावकारच असे.

आज हे दोघे निराळे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की बँकेने लिलावाची सूचना प्रसिद्ध करताच कर्जदाराचा तारण सोडविण्याचा हक्क संपतो. तेथे कर्जदार उशिरा सारी रक्कम घेऊन आला होता आणि बँकेनेही ती स्वीकारली होती. तरी मिळकत लिलावातील खरेदीदारासच मिळाली.