रेडिओवरचं पाणी

माणदेशात रेडिओ आमच्या बोलीत बोलायला लागला, तेव्हा आई फुंकणी हातात धरून ऐकत बसायची. "आपल्यावानीच बोलत्यात की!" ओव्या, गजीचा ढोल, शेरडांची दुखणी, हे सगळं मला आजही आवडतं. खटकतात त्या गप्पा. टंचाईवर बोलायला आलेली बाई टँकरच्या खेपा मोजत सरपंचाच्या वस्तीपर्यंत पोचली, की निवेदिका घाईनं गाणं लावते. दोष तिचा नाही. सामुदायिक केंद्रांना राजकीय कार्यक्रम करायला २००६ च्या धोरणानंच मनाई केली. पण आमच्याकडं पाणी हेच राजकारण. ते वगळल्यावर उरतो पाणी जपून वापरायचा उपदेश, तोही दोन मैलांवरून हंडा आणणारीला. आई एकदा रेडिओतल्या बाईलाच म्हणाली, "अगं, पण टँकर वळला कुणाच्या दारी?"