अतिनील किरण आणि गांजातील टीएचसी : एका निष्कर्षाची चिकित्सा

बंद खोलीत वाढवलेल्या औषधी गांजाला अतिनील-बी दिवे लावले की टीएचसी वाढते, या समजाला मुख्य आधार आहे तो लायडन, टेरामुरा व कॉफमन यांच्या १९८७ च्या शोधनिबंधाचा. त्यात किरणांची मात्रा वाढवल्यावर मादक प्रकारच्या झाडांत टीएचसी वाढले. तंतूंसाठीच्या प्रकारात मात्र सीबीडी वाढले नाही. म्हणजे निष्कर्ष एका प्रकारापुरता होता. सरसकट केला तो पुढच्यांनी.

२०२१ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी आजचे दोन वाण एलईडीखाली तपासले. झाडांवर ताण दिसला, पण फुलांतील कॅनाबिनॉइड वाढले नाहीत. तरी याने जुना निबंध खोटा ठरत नाही. वाण वेगळे, दिवेही वेगळे.

चंडीगडच्या मोकळ्या जागांत भांग आपोआप उगवते. डोंगरावरची भांग अधिक कडक असल्यास श्रेय अतिनील किरणांना द्यावे का? उंचीबरोबर तापमान बदलते, वाणही बदलतो. एकच घटक बदलून पाहिल्याशिवाय कारण ठरत नाही. तसा प्रयोग करायचा तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार लागवडीची परवानगी आधी हवी.

स्वाध्याय : वरील दोन प्रयोगांची तुलना कोणत्या मुद्द्यांवर अपुरी पडते?