वेड, अपराध आणि निवेदक

रॉबर्ट ब्राउनिंगची ‘पॉर्फिरियाज लव्हर’ ही कविता १८३६ मध्ये प्रसिद्ध झाली; १८४२ च्या संग्रहात ती ‘वेड्यांच्या कोठड्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली आली. त्यामुळे प्रेयसीचा तिच्याच केसांनी गळा आवळणारा निवेदक वाचनापूर्वीच निर्दोष वेडा ठरतो. कायद्याला मात्र केवळ वेड पुरत नाही. १८४३ चे मॅक्नॉटन नियम आणि त्यांवर बेतलेले भारतीय दंडसंहितेचे कलम ८४ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२) विचारतात : कृत्याचे स्वरूप किंवा त्यातला गैरपणा कळण्यास तो असमर्थ होता काय? तिला वेदना झाल्या नाहीत, असे निवेदक दोनदा बजावतो. देवाच्या मौनाचाही दाखला देतो. कोणी न केलेल्या आरोपाला उत्तर देणाऱ्यास तो आरोप ठाऊक असतो. वेड आणि अपराधभान येथे एकाच आवाजात नांदतात; वाचकाला निवाड्यातून सुटका नाही.