हुंकाराशिवाय कथा

ख्रिस्ती मिशनकार्यात गेल्या काही दशकांत एक पद्धत रुजली आहे. पुस्तक वाटायचं नाही, प्रवचन झोडायचं नाही. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत बायबलमधल्या निवडक गोष्टी क्रमानं, तोंडी सांगायच्या. २००४ साली थायलंडमध्ये पट्टाया इथं लोझान चळवळीचं मोठं संमेलन भरलं, तिथल्या एका गटानं याच विषयावर काम केलं. पद्धत साधारण अशी: सांगणाऱ्यानं गोष्ट नीट बसवायची, पदरचं काही घालायचं नाही, मग ठरलेले प्रश्न विचारायचे आणि ऐकणाऱ्यांकडून तीच गोष्ट पुन्हा वदवून घ्यायची.

यातलं चांगलं आधी सांगतो. ज्याला अक्षर येत नाही त्याला देवाचं बोलणंही कळणार नाही, हा शिकलेल्यांचा अहंकार ही पद्धत मोडते. गोष्ट आजीला सांगता येते, पोरालाही सांगता येते. पगारी उपदेशक लागत नाही. हे काही थोडं नाही.

आता ही पद्धत आपण जुन्नर-आंबेगावच्या मुलखाला लावून तपासू या. पश्चिमेला भीमाशंकर, डिंभे, नाणेघाट. महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वस्त्या. पूर्वेला नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. या मुलखाला ‘मौखिक’ म्हणताना अभ्यासकाच्या मनात बहुतेक वेळा उणीवच असते: यांना वाचता येत नाही, म्हणून सांगा. पण इथं सांगणं ही उणीव भरून काढायची सोय नव्हे, ती विद्या आहे. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यात आणि बाहेरही जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. एवढं सांगणाऱ्या बायकांना कोण काय ‘ऐकवणार’?

आणि या विद्येचा एक नियम आहे. कथेला हुंकार लागतो. गोंधळात मुख्य गोंधळ्याला साथीदार मध्येच अडवतो, ‘मग पुढं काय झालं?’ वगात सोंगाड्या राजाचीही फिरकी घेतो. आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवानं ‘हूं’ म्हटलं नाही तर ती थांबते. ऐकणारा कथेत असतो, तिच्यासमोर नुसता बसलेला नसतो. नव्या पद्धतीत प्रश्न आहेत हो, पण ते सांगणाऱ्याचे, आणि उत्तरं आधी ठरलेली. ती परीक्षा झाली, हुंकार नव्हे.

मराठी ख्रिस्ती परंपरेला हे ठाऊक होतं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. त्याची सुरुवातच कशी आहे बघा: साष्टीत नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? म्हणजे ग्रंथ जन्मतो तो ऐकणाऱ्याच्या मागणीतून. पण ती मागणी बंदीतून आली, हेही विसरू नका. स्टीफन्सनं हुंकार ऐकला; मात्र तो देणाऱ्याच्या तोंडची जुनी कथा सत्तेनं आधीच काढून घेतली होती. ग्रंथाचं मोठेपण आणि त्याची जखम एकाच पानावर आहे.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. कीर्तनात पूर्वरंगात विचार मांडावा लागतो, उत्तररंगात आख्यान. म्हणजे श्रोत्याच्या बुद्धीशी आधी बोला, मग गोष्ट. पुढं १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक तर म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. पूल म्हणाले ते! पाडून टाकायची भिंत नाही म्हणाले.

इथं माझा खरा आक्षेप येतो. जुन्नर तालुक्यात आळे गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. तिथं जाणारा माणूस ‘हे खरंच घडलं का’ असं विचारत बसत नाही, आणि म्हणून तो भोळाही ठरत नाही. ज्याला वेदाचा अधिकार नाकारला त्याच्याही मुखी वेद येऊ शकतो, हे त्या कथेचं सत्य त्याला पोचलेलं असतं. आता त्याला कोणी म्हणालं, ‘माझी गोष्ट इतिहास, तुझी दंतकथा, माझी ऐक, तुझी सोड’, तर हे कथाकथन राहत नाही. कथेच्या वेषात तो वाद असतो, आणि वाद घालायचा तर उघड घाला. कीर्तनकार घालत होते. वाद उघड असला की समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक असते. गोष्टीत गुंडाळून दिला की ती मोकळीक हळूच काढून घेतली जाते.

कोणी म्हणेल, श्रद्धावंताला आपली कथा खरी वाटणारच, त्यानं काय करावं? रास्त आहे. त्यानं आपली श्रद्धा लपवू नये. पण येशूची रीत तरी पाहावी. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून तो उत्तर देत नाही. या तिघांत शेजारी कोण ठरला, हे समोरच्या शास्त्र्यालाच विचारतो. उधळ्या मुलाच्या गोष्टीत थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा आहे. तो आत गेला की नाही, हे सांगितलेलंच नाही. दोन हजार वर्षं झाली, शेवट ऐकणाऱ्याच्या हाती ठेवलेला आहे.

म्हणून कसोटी एवढीच. आंबेगावच्या एखाद्या पाड्यावर ओसरीत बसून कोणी ख्रिस्ताची गोष्ट सांगितली आणि ती संपल्यावर म्हातारीनं आपल्या डोंगरावरच्या देवीची गोष्ट सुरू केली, तर हा पाहुणा काय करतो? घड्याळ पाहतो, का ‘हूं’ म्हणतो? हुंकार द्यायची ज्याची तयारी नाही, त्यानं हुंकाराची अपेक्षा करू नये.